पेंढ्याखालचे कांदे

१४ नोव्हेंबर १९६३, अहमदी

आज ब्रॅडली मडमेने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि रेफ्रिजरेटर उघडून दाखवला. वरच्या कप्प्यात लोणी, दूध, मटण. खालच्या दोन्ही कप्प्यांत कांदे. दीडशे कांदे, कागदाच्या पिशव्यांत भरलेले. विलायतेहून बोटीने शुवैखच्या धक्क्यावर उतरले आणि गेला दीड महिना गार हवा खात पडले आहेत. मी म्हटलं, मडम, कांदा बाहेर टोपलीत टिकतो. ती हसली. म्हणाली, हे डॅफोडिलचे कंद आहेत, यांना थंडी लागल्याशिवाय फूल येत नाही, आणि तुमच्या कुवेतमध्ये थंडीच नाही.

'तुमच्या' कुवेतमध्ये! मी रत्नागिरीचा. मुंबईच्या नर्सरीत अकरा वर्षं काढलेला माणूस. गुलाबाला डोळा कसा बांधायचा ते साहेब लोक मला विचारत. आणि आता कांद्यांची राखण.

पण नाही म्हणायची सोय नाही. तेल कंपनीची घरं कोणाला द्यायची हे जी कमिटी ठरवते, तिच्यात ब्रॅडली साहेब बसतो. बागांचा सुपरिंटेंडंट थॉर्न साहेब मला बाजूला घेऊन म्हणाला, "उस्मान, मार्चात क्लबात फुलांचं प्रदर्शन आहे. बाईंचा वाफा फुलला, तर तुझा अर्ज वरच्या गठ्ठ्यात गेला म्हणून समज." अर्ज फॅमिली क्वार्टरचा. सहा वर्षं मी इथे सड्या माणसांच्या लाइनीत राहतोय. मुनिरा तिकडे रत्नागिरीत, आणि लैला आठ वर्षांची झाली. सहा वर्षांत तिला मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा चाळीस-चाळीस दिवस. म्हणजे माझी बायको-पोर आता कांद्यांच्या हातात आहेत.

साहेबासाठी इंग्रजी वही लिहितो ती वेगळी. ही मराठी वही माझी. इथे ती कोणाला वाचता येत नाही हा तिचा मोठा गुण. थॉर्न साहेबाला ती अरबी वाटते, आणि माझ्या हाताखालचा मजीद अंगठेबहाद्दर आहे.

१७ नोव्हेंबर

कांदे लावले. चार बोटं खोल, टोक वर. मडम सावलीत खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक कांदा मुलाला दुलईत निजवावा तसा ठेवा म्हणत होती.

आता पुढचं ऐका. वाफ्यावर वीतभर पेंढा घालायचा. वसंत येईपर्यंत काढायचा नाही. तिची आई इंग्लंडात घालायची म्हणे, म्हणजे कांदे हिमाने मरत नाहीत. इथे हिम! गेल्या जूनमध्ये फावड्याच्या दांड्याने माझ्या हाताला फोड आले, इतका तो तापला होता. पण बाईला आईची आठवण आली की वाळवंटातही बर्फ पडतो. मी 'येस मडम' म्हटलं. ते दोन शब्द मी इतक्यांदा म्हणतो की ते आता माझ्याच नावाचे वाटतात.

आणि कुवेतमध्ये पेंढा आणायचा कुठून? इथे भाताची खाचरं आहेत का?

२० नोव्हेंबर

पेंढा मिळाला. मुनिराचा भाऊ रियाज शुवैखला एका गोदामात असतो. कपबशांच्या खोक्यांत पेंढा भरून येतो आणि रिकामी खोकी झाली की तो जाळतात. सहा गोणी घेऊन आला आणि पोट धरून हसला.

"दुल्हाभाय, कांद्यांना गोधडी? अवो, भायेर गेल्यावर मानूस येडा होतो आयकला होता. आज बगितला."

मी म्हटलं, "तुझी बहीण या गोधडीवर बसून येणार आहे."

मग मात्र सातवी गोणी पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला. पेंढ्यात एका फुटक्या बशीचा तुकडा निघाला, निळ्या फुलांचा. तेवढंच काय ते फूल या वाफ्यात दिसणार.

२३ नोव्हेंबर

काल दुपारी वारा सुटला. कपबशांचा पेंढा सगळ्या रस्त्याला झाला. शेजारच्या साहेबाच्या वाळत घातलेल्या चादरी, क्लबाचा पोहण्याचा हौद, सगळीकडे पेंढा. दोन मडमा मला बोटं दाखवून बोलत होत्या. मी झाडू घेऊन फिरत होतो, फोरमन असून.

आणि मजीद? तो निवांत खजुराची झापं गोळा करत होता. हा मजीद माझ्या हाताखालचा एकुलता एक माणूस आणि माझा खोलीतला सोबती, माझी दोन्हीकडून सुटका नाही. पंचावन्नचा असेल, श्रीवर्धनचा. बोलतो कमी, आणि बोलला की सुपारीच्या वाडीबद्दल. पोफळीला असं करतात, पोफळीला तसं करतात. जगात दुसरं झाडच अल्लाने केलं नाही.

त्याने पेंढा परत पसरला, वर झापं आडवी घातली, त्यांवर दगड ठेवले. म्हणाला, "आता नाय उडनार."

मी म्हटलं, "सुचायला एक दिवस लागला."

"कालच बोलत होतो भाय. तुमी म्हनलात, गप."

म्हटलं असेन. तो बोलायला लागला की मी सवयीने गप म्हणतो.

मग म्हणाला, "ह्यो पेंढा ऊब द्यायला नाय. जमीन गार र्‍हावी, ओल टिकावी म्हनून. वाडीत सुक्या पानांचा पातेरा घालतात, तसा." झालं, आली वाडी. मडम म्हणते थंडी लागू नये म्हणून, हा म्हणतो गार राहावं म्हणून. दोन वेडे, एक पेंढा.

"आनि पानी कुठला द्यायचा?" त्याने विचारलं.

"बागेच्या नळाचं. दुसरं कुठलं?"

"खारा हाय."

मी त्याला ऐकवलं. आपल्याकडे माडाच्या मुळात मीठ टाकतात की नाही? खाडीच्या काठचे माड गोड नारळ देतात की नाही? इथली कण्हेर खाऱ्या पाण्यावर हत्तीसारखी माजली आहे. शिवाय गोडं पाणी बागेला घालायचं नाही हा कंपनीचा हुकूम. लाइनीत माणशी रोज एक डबा मिळतो, त्यात पिणं, चहा, रांधणं, आंघोळ. तो काय कांद्यांना घालू?

"माड येगळा," एवढं म्हणून तो दगड लावत राहिला. पाणी घालायचं काम मी त्याच्याकडेच दिलं. तेवढं तरी चुकणार नाही.

९ डिसेंबर

मजीदला खाज सुटली आहे. दंड, पोटऱ्या, सगळीकडे पांढरे ओरखडे. खोलीत रात्रंदिवस खरखर चालू असते. खरूज असणार. मी माझी खाट भिंतीकडे ओढून घेतली आणि त्याला सांगितलं, आंघोळ करत जा. म्हणाला, करतो, नळावर. बागेच्या खाऱ्या नळावर! स्वतःचा गोड्या पाण्याचा डबा असताना! कोकणातला माणूस आणि पाण्याची अशी भीती.

आणखी एक थेर. रोज सकाळी तो डबा खांद्यावर घेऊन बागेत येतो. कशाला, तर म्हणे वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला. खाऱ्या पाण्याने वजू होतो, अगदी समुद्राच्याही होतो, हे मदरशातल्या पोराला ठाऊक असतं. पण आमच्या मजीदमियाँचे हातपाय नाजूक, त्यांना गोडंच पाणी लागतं. आणि संध्याकाळी चहाला माझ्या डब्यातलं पाणी मागतो. मी देतो, अर्धा कप.

२१ डिसेंबर

कोंब आले! झाप उचलून पेंढा बाजूला केला तर हिरवी टोकं, बोटभर. मी मोजली. एकशे बारा. मडम लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती, म्हणाली, उस्मान, यू आर अ जीनियस. मी खाली मान घातली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

थॉर्न साहेबालाही सांगितलं, खाऱ्या पाण्यावर डॅफोडिल आणले. त्याने वहीत टिपून घेतलं. मजीद मागे उभा होता, खाजवत.

मुनिराला पत्र टाकलं की अर्ज आता वर सरकेल. मजीदने विचारलं, "लैला कितवीत हाय?" हे तो आठवड्यातून एकदा विचारतो. सांगितलं, तिसरीत. मग त्याची जुनी कथा सुरू झाली. तो अकरा वर्षांनी बोटीवरून घरी गेला, तर त्याची पोर दारात उभी होती, त्याला म्हणाली, सलाम मामू, अब्बा घरात नाहीत. मी तोंडावर पांघरूण घेतलं. प्रत्येकाला आपलं रडगाणं मोलाचं वाटतं.

२१ जानेवारी १९६४

रमजानचा सहावा रोजा. काल जे पाहिलं ते कुवेतमध्ये कधी पाहिलं नव्हतं. पहाटे सहेरीच्या जेवणाला उठलो तर बाहेरच्या बादलीवर बर्फाची पापडी. बागेत गेलो तर बोगनवेल उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी पडून लोंबत होती. क्लबाच्या कुंड्या मेल्या, टोमॅटो मेले, माझी स्वतःची लाडकी जास्वंद मेली.

वाफ्याकडे पळालो. मजीद माझ्याआधी पोचला होता, पेंढा चापून-चोपून बसवत. त्याने एक कोपरा उघडून दाखवला. आत पानं टवटवीत उभी, मातीत ओल.

मडम शाल गुंडाळून आली आणि 'मी सांगितलं नव्हतं का' असं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणजे बाई बरोबर होती. सहा वर्षांत एकदा पडली थंडी, ती नेमकी तिच्या आईची बाजू घ्यायला.

२७ जानेवारी

आज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुपारच्या नमाजाची, जोहरची वेळ. मजीद वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला होता. पेंढा बाजूला सारलेला, आणि हा डब्यातलं पाणी ओंजळीने घेत वजू करत होता. तोंड, हात, कोपर, सगळं पाणी डॅफोडिलच्या मुळांवर. शेवटी पाय! मडमेच्या फुलांवर पाय धुतले या माणसाने. मग उठून तीन पावलं सरकला, पेंढा झाकला, पुढचा उघडला, आणि उरलेलं पाणी तिथे ओतलं.

मी तिथेच ओरडलो. "ही काय मोरी आहे? मडमेने खिडकीतून बघितलं तर? माझं क्वार्टर तुझ्या पायांच्या पाण्यात वाहून जाईल!"

तो उभा राहिला. रोज्याने ओठ सुकलेले. "पानी फुकट जाऊ नये म्हनून, भाय."

"नळाला पाणी कमी आहे?"

तो नळाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, गप.

२९ जानेवारी

मीना अल-अहमदी बंदरात तेलाच्या टाक्या घासायला माणसं कमी आहेत. प्रत्येक खात्याने एक नाव द्यायचं. आमच्या खात्यात फोरमन सोडून नाव किती? थॉर्न साहेब म्हणाला, तुझ्या माणसाबद्दल दोन ओळी लिहून दे, बदली माणूस मार्चानंतर बघू. मी लिहिलं: 'मजीद आळशी आहे, घाणेरडा आहे, अंगाला रोग आहे, सांगितलेलं ऐकत नाही.' इंग्रजी चांगलं जमलं. साहेबाने खाली सही करायला सांगितली, केली.

टाकी घासणं वाईट काम आहे हे मला माहीत आहे. पण माझ्या पोरीच्या वाटेत मी कोणाचे पाय येऊ देणार नाही.

१ फेब्रुवारी

मजीद गेला. एक ट्रंक आणि एक वळकटी. जाताना एवढंच म्हणाला, "पेंढा उगडू नका जास्ती. आनि पानी बगून द्या."

आजपासून मी पाणी घालतो. पाइप लावला, भरपूर दिलं. खोलीत खरखर नाही. शांत झोप लागेल.

११ फेब्रुवारी

पानांची टोकं पिवळी पडली आहेत. थंडीचा उशिरा परिणाम असेल. पाणी वाढवलं.

१३ फेब्रुवारी

टोकं तपकिरी झाली. काही पानं अर्ध्यावर मोडून पडली आहेत. पेंढा उचलून पाहिलं, मातीवर मीठ शिंपडल्यासारखी पांढरी पापडी. प्रदर्शनाला चार आठवडे राहिले. मडम विचारते, मी म्हणतो ऑल राइट. लैलाचं पत्र आलंय, मोठ्या वळणदार अक्षरांत: 'अब्बा, आम्ही कधी येऊ?' आज मला भीती वाटली.

१४ फेब्रुवारी

नझीर लाइनीत गोड्या पाण्याचा टँकर घेऊन येतो. आज त्याने माझा डबा भरला आणि विचारलं, "मजीदचाचाच्या वाफ्याला आता पानी कोन घालतंय?"

मी म्हटलं, मी घालतो, पाइपने.

त्याने टँकरची तोटी बंद केली. "खारा?"

"मग काय गुलाबपाणी?"

नझीर तरुण आहे, श्रीवर्धनकडचाच, तोंडाळ. म्हणाला, "उस्मानभाय, दोन म्हयने चाचा सोताचा डबा उचलून बागेत नेत होता. एक दिवस नाय चुकला. आंघोळ खाऱ्या नळावर, कातडा फुटला तरी. मी म्हनलो, चाचा, एक डबा जास्ती देतो. नको म्हनला, दुसऱ्याच्या हिश्शाचा नको. म्हनला, पोफळीला पन खारा चालत नाय, ह्यो तर परदेसी कांदा."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने?"

"सांगितला नसेल?" नझीर म्हणाला, आणि गाडी पुढे नेली.

'खारा हाय.' 'माड येगळा.' सगळं या वहीत माझ्याच अक्षरात आहे. मागची पानं उलटून वाचली. मराठीत लिहिलं म्हणजे कोणी वाचणार नाही असं मला वाटत होतं.

म्हणजे माझ्या चहाला अर्धा कप मागायचा तो एवढ्यासाठी. आणि मी तो अर्धाच द्यायचो.

१५ फेब्रुवारी, ईद

रियाज शेवया घेऊन आला होता. नमाज पढून मी सरळ बागेत गेलो. पांढरी पापडी खरवडून काढली. नझीरने ईदची भेट म्हणून आज माझ्या नावावर दोन डबे दिले होते, ते दोन्ही मी वाफ्यात घातले. नव्या कपड्यांनी. रियाज म्हणाला, "दुल्हाभाय, आजच्या दिवशी तरी!" मी म्हटलं, झापं धर.

२४ फेब्रुवारी

आता पाइप बंद. रोज माझा डबा खांद्यावर घेऊन जातो. डबा जड असतो हे मला माहीत नव्हतं, पाणी नेहमी दाराशी मिळायचं. एका डब्यात वाफा भिजत नाही, म्हणून थेंब थेंब पुरवावा लागतो. आधी वजू, मग उरलेलं. मी शुक्रवारचा नमाजी. आता दुपारचा जोहर आणि तिसऱ्या प्रहराचा असर, दोन्ही वाफ्याशी होतात, आणि तोंडावरून ओघळलेलं पाणी वाया जात नाही. पाय धुताना खिडकीकडे बघतो. परवा मडम खिडकीत होती. तिने हात हलवला.

अंगाला खाज सुटली आहे. दंडावर, पोटऱ्यांवर. थॉर्न साहेब आज दोन पावलं लांब उभा राहून म्हणाला, उस्मान, तुलाही तो रोग लागला की काय? डॉक्टरला दाखव. मी 'येस सर' म्हटलं.

१ मार्च

पहिलं फूल. पिवळं, मान खाली घातलेलं. इतक्या खटपटीच्या मानाने फारच साधं. करडईच्या शेतात लाखो पिवळी फुलं असतात आणि कोणी त्यांना दुलई घालत नाही. तरी मी तिथे बराच वेळ बसलो.

१२ मार्च

प्रदर्शन. एकशे बारा कोंबांपैकी एकेचाळीस फुलले. बाकीचे माझ्या पाइपने खाल्ले. वाळवंटात डॅफोडिल म्हणून मडमेला पहिलं बक्षीस, आणि तिने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाली, उस्मान पहिल्या दिवसापासून पेंढ्यावर विश्वास ठेवून होता. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या हातात सरबताचा पेला दिला. मी उभा राहिलो, दंड खाजवायची सोय नव्हती.

१९ मार्च

क्वार्टर मंजूर. दोन खोल्या, पडवी, आणि गोड्या पाण्याचा नळ. आत नळ! मुनिराला तार केली.

२० मार्च

शुक्रवार. मीना अल-अहमदीला गेलो. मजीद टाकीच्या सावलीत जेवणाचा डबा उघडून बसला होता. हात कोपरापर्यंत काळे, डोळे लाल. रस्ताभर मी वाक्य तयार करत गेलो होतो. मला बघून तो उठला आणि म्हणाला, "किती आली?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीस!" काळ्या हाताने त्याने गुडघ्यावर थाप मारली. "मग लैला येतंय?"

"मे महिन्यात."

"बरा झाला."

मी म्हटलं, "तू मला सांगायचं नाहीस? जनावरासारखा पाणी वाहत राहिलास." तयार केलेलं वाक्य हे नव्हतं. तोंडातून हेच आलं.

"सांगितला असता, तर तुमी थांबवला असता. तुमाला शिकवलेला आवडत नाय." तो हे कुरकुरत म्हणाला नाही, ऊन कडक आहे म्हणावं तसं म्हणाला.

मग मी सांगितलं की मी साहेबाला काय लिहून दिलं होतं. तो म्हणाला, मुकादमाने वाचून दाखवलंय. मी म्हटलं, खोटं होतं असं लिहून देतो, तुला परत आणतो. त्याने हात आडवा केला.

"आता नको. साहेब इचारील, कोन खोटा बोलला. मग क्वार्टर र्‍हाईल? पोरगी येऊ द्या आदी. गप र्‍हावा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला गप म्हटलं. आणि मी गप्प राहिलो. ते किती सोपं गेलं हे लिहून ठेवतो. वाटेत मला हायसंसुद्धा वाटलं, माणूस किती हलकट असतो.

१८ एप्रिल

पानं सुकली. मडमेने सांगितलं, कांदे काढून सावलीत ठेव, पुढच्या वर्षी परत लावू, परत पेंढा. मी 'येस मडम' म्हटलं. मजीदबद्दल साहेबाला द्यायची चिठ्ठी लिहून ठेवली आहे, सदऱ्याच्या खिशात. धुवायला टाकताना काढतो, परत ठेवतो. चार दिवसांनी बघितलं तर घडीवर मळ बसला होता, पुन्हा नवीन लिहिली.

९ मे

शुवैखला बोट लागली. मुनिरा बुरखा सावरत उतरली, मागे लैला, हातात पत्र्याची पेटी. माझ्या मनात होतं त्यापेक्षा वीतभर उंच. मुनिराने तिला पुढे ढकललं. तिने माझ्याकडे बघितलं, मग रियाजकडे, मग परत माझ्याकडे, आणि नीट शिकवल्यासारखं म्हणाली, "सलाम मामू."

मुनिरा तिच्यावर खेकसली. रियाज हसू दाबत होता, कारण खरा मामू तो. मी हसलो नाही. ही गोष्ट मी आधी ऐकली होती, तोंडावर पांघरूण घेऊन.

रियाजला म्हटलं, गाडी क्वार्टरला नको, आधी मीनाला घे. मुनिरा म्हणाली, पोर दमलीय, असं कोण आहे तिथे? मी म्हटलं, कळेल.

मजीद फाटकाशी आला, तसाच काळा. लैला घाबरून मुनिराच्या मागे गेली. मी म्हटलं, "लैला, हे मजीदचाचा. यांना सलाम कर. तू यांच्यामुळे आलीस."

तिने सलाम केला. मजीदला काय करावं सुचेना, हात काळे म्हणून तिला जवळ घेता येईना. मग आत गेला आणि पेला धुऊन त्यात स्वतःच्या डब्यातलं पाणी घेऊन आला. "आदी पानी पी. बोटीतला पानी खारट असतंय." ती घटाघटा प्यायली आणि पेला पुढे केला, आणखी हवं म्हणून. त्याने पुन्हा भरला.

१० मे

सकाळी थॉर्न साहेबाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. लिहिलं: 'मजीदबद्दल मी जानेवारीत लिहिलेलं सगळं खोटं होतं. डॅफोडिल त्याने आणले, स्वतःच्या प्यायच्या पाण्यावर. तो आळशी नाही, घाणेरडा नाही. सांगितलेलं ऐकत नव्हता एवढं खरं आहे, आणि म्हणूनच एकेचाळीस फुलं आली. त्याला बागेत परत घ्यावं.' खाली सही केली.

साहेबाने दोनदा वाचलं. म्हणाला, उस्मान, क्वार्टर तुला कशावर मिळालं हे तुला ठाऊक आहे ना? कमिटीला कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. मुनिराने अजून ट्रंकासुद्धा सोडल्या नव्हत्या, तिला म्हटलं, एवढ्यात सोडू नकोस. कारण विचारलं तेव्हा ही वही तिच्या हातात दिली. तिला मराठी वाचता येतं, हे मी वही लिहिताना विसरलो होतो. ती पडवीत बसून वाचते आहे, म्हणून हे सुट्या कागदावर लिहितोय. मधेच मान वर करून माझ्याकडे बघते आणि पान उलटते.

लैला नळाखाली हात धरून बसली आहे. अजून मला मामूच म्हणते. मुनिरा दटावायला लागली, तिला म्हटलं, राहू दे.